प्रश्नावलीच्या आधीचा प्रश्न

महाराष्ट्रात एमबीए करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘बिझनेस रिसर्च मेथड्स’ हा विषय बहुधा पहिल्याच वर्षी भेटतो आणि त्याच वर्षी मनातून उतरतो. मार्केटिंग, फायनान्स, एचआर, पुढे काहीही घेतलं तरी तो लागतोच. तरीही त्याची ओळख पाठांतराचा पेपर अशीच राहिली आहे. संशोधनाचे प्रकार सांगा, संशोधन आराखड्याची व्याख्या लिहा, नमुना निवडीच्या पद्धतींतला फरक स्पष्ट करा, अशा प्रश्नांवर पास होता येतं. शिक्षक म्हणून मला हे फार लागतं. व्यवस्थापनाच्या बाकीच्या विषयांत विद्यार्थी उत्तरं द्यायला शिकतो. ‘हे मला माहीत नाही, तर शोधू कसं?’ असं विचारायला शिकवणारा विषय हा एकच आहे.

दोष पाठ्यपुस्तकांचा म्हणावा, तर तसंही नाही. सी. आर. कोठारींचं पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेला पुरलं आहे. उमा सेकरन आणि नरेश मल्होत्रा यांची पुस्तकं तर जगभर वापरली जातात. कूपर आणि शिंडलर यांच्या पुस्तकात मला सर्वांत मोलाची वाटणारी एक उतरंड आहे. आधी व्यवस्थापकाची अडचण, मग त्याला घ्यायचा निर्णय, त्यातून संशोधनाचा प्रश्न, त्याचे बारीक उपप्रश्न आणि अगदी शेवटी प्रश्नावलीतला प्रश्न. वर्गात हे प्रकरण एका तासात उरकतं आणि प्रोजेक्टच्या वेळी क्रम उलटा होतो. आधी शीर्षक ठरतं, ‘ग्राहक समाधानाचा अभ्यास, विशेष संदर्भ पुणे शहर’. मग मागच्या वर्षीच्या कुणाची तरी प्रश्नावली मिळते. तिच्यातून उद्दिष्टं निघतात, उद्दिष्टांतून हायपोथिसिस. या अभ्यासाने कुणाचा कोणता निर्णय बदलणार, हे शेवटपर्यंत कुणी विचारत नाही. समाधान मोजून कंपनीने करायचं काय, दर उतरवायचे की माणसं वाढवायची, हा प्रश्न समोर असता तर प्रश्नावलीतले निम्मे प्रश्न गळून पडले असते.

पुढचा टप्पा नमुन्याचा. प्रोजेक्टचे अहवाल चाळले की ३८४ हा आकडा पुनःपुन्हा दिसतो. क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यातून तो आला. त्यामागचं गणित साधं आहे. ९५ टक्के खात्री आणि पाच टक्क्यांची मुभा धरली, की १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५, भागिले ०.००२५, उत्तर ३८४.१६. पण हे गणित एका अटीवर उभं आहे. समष्टीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची ठाऊक असलेली, समान संधी हवी. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘प्लीज फॉर्म भरा’ म्हणून लिंक टाकली आणि मित्रांनी, मित्रांच्या भावंडांनी ती भरली, तर तिथे ही अट पाळलीच गेली नाही. मग ३८४ काय आणि ३८४० काय, त्या आकड्याला अर्थ उरत नाही. ‘सोयीचा नमुना’ घेतल्याचं विद्यार्थी प्रामाणिकपणे लिहितो आणि पुढच्याच पानावर पुण्यातल्या सर्व ग्राहकांबद्दल निष्कर्ष काढतो. तिथे त्याला कुणी अडवत नाही.

मोठा नमुना म्हणजे चांगला नमुना, हा समज मोडायला १९३६ सालचं अमेरिकेतलं उदाहरण अजून पुरेसं आहे. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. त्यांपैकी तेवीस लाखांच्या आसपास परत आल्या आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार असं भाकीत झालं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावं मुख्यतः टेलिफोन आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून घेतली होती, एवढं कारण सगळे शिकवतात. ज्यांनी मतपत्रिका परत पाठवलीच नाही त्यांचाही या चुकीत मोठा वाटा होता, हे मात्र क्वचित शिकवलं जातं. आपल्या गूगल फॉर्मला नेमका हाच धोका जास्त आहे. लिंक किती जणांनी पाहिली आणि न भरताच सोडून दिली, याची नोंद विद्यार्थ्याकडे नसते.

याच मुद्द्यावर आपल्या मातीतलं एक उदाहरण पडून आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. नमुना सर्वेक्षणाच्या सिद्धान्तावरचं त्यांचं १९५४ सालचं पुस्तक जगभर वाचलं गेलं. चाळीसच्या दशकात पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज घेण्यासाठी शेतातला एक तुकडा आखून तेवढंच पीक कापायचं, ही पद्धत देशात रुजत होती. तुकडा किती मोठा असावा, यावर सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात जोरदार वाद झाला. फार लहान तुकडे घेतले की उत्पन्न फुगलेलं दिसतं, हे सुखात्म्यांनी १९४६ साली ‘नेचर’मध्ये मांडलं. कारण ध्यानात ठेवण्यासारखं आहे. आखलेल्या रेषेवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर, हे कापणाऱ्याच्या हातात असतं आणि त्याचा कल ते आत घेण्याकडे असतो. तुकडा जितका लहान, तितका क्षेत्राच्या मानाने कडेचा भाग जास्त, म्हणून चूकही जास्त. सूत्रात न दिसणारी, माणसाच्या हातून घडणारी आणि नमुना वाढवून न जाणारी चूक म्हणजे काय, हे समजावायला मला याहून स्वच्छ उदाहरण माहीत नाही. पीकविम्याची भरपाई ठरवताना आजही पीक कापणी प्रयोग होतात. वर्गातल्या गावाकडच्या मुलांनी त्यावरचे वाद घरी ऐकलेले असतात. वर्गात सुखात्म्यांचं नाव कानी पडलं तर त्यांना हा विषय परका वाटणार नाही.

सुखात्मे एकटे नाहीत. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगिळांच्या हाताखाली पुढच्या काही वर्षांतच पुण्याच्या फळबाजाराची आणि मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांच्या मोटार वाहतुकीची पाहणी झाली. हे विषय आजच्या भाषेत सप्लाय चेन आणि सर्व्हिस ऑपरेशन्समध्ये मोडतात. मग पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी दोन भागांत निघाली आणि १९५६ साली सोवनी, आपटे आणि पेंडसे यांनी त्याच शहराची फेरपाहणी प्रसिद्ध केली. शहर तेच आणि मधला काळ मोजलेला, असा आराखडा मिळणं ही संशोधकाच्या दृष्टीने मोठी संपत्ती आहे. पुण्यात एवढी बिझनेस स्कूल्स आहेत. त्यांच्या वाचन यादीत हे खंड मला दिसलेले नाहीत. कोकाकोलाने १९८५ साली दोन लाखांच्या आसपास चव-चाचण्या घेऊनही नव्या कोकच्या बाबतीत कशी चूक केली, हे मुलांना तोंडपाठ असतं. ते जरूर शिकावं. पण मंडईतल्या फळांचा माग काढणाऱ्या माणसांनी नोंदी कशा ठेवल्या, हे पाहायला तर बसने जाता येतं.

विश्लेषणाच्या भागावर फार रेंगाळत नाही, कारण तिथला आजार जगभराचा आहे. रेन्सिस लायकर्टने १९३२ साली मांडलेल्या मापनीवर सगळी मतं मोजायची, एसपीएसएसमध्ये काय-वर्ग चाचणी चालवायची आणि ‘पी’ची किंमत ०.०५ पेक्षा कमी आली की आपलं म्हणणं सिद्ध झालं असं लिहायचं. ही रेघ रूढ होण्यात रोनाल्ड फिशरच्या १९२५ सालच्या पुस्तकाचा मोठा हात आहे. केवळ या रेघेवर व्यवसायाचे वा धोरणाचे निर्णय बेतू नका, असं अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली जाहीर निवेदन काढून सांगितलं. आपल्या उत्तरपत्रिकांत अजून ते पोचलेलं नाही.

त्याहून जास्त नुकसान मला ‘प्रायमरी डेटा पाहिजेच’ या हट्टात दिसतं. दोन महिन्यांच्या समर इंटर्नशिपमध्ये विद्यार्थ्याकडून प्राथमिक माहितीची सक्ती केली की तो ती कशीही जमवतो. दुसरीकडे, देशातल्या बाजार समित्यांचे रोजचे आवक-भाव ॲगमार्कनेटवर उघडे आहेत. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीतली कुटुंबनिहाय माहिती कुणालाही उतरवून घेता येते. लासलगावच्या कांद्याचे काही वर्षांचे भाव आणि आवक घ्या, शेजारच्या बाजार समितीशी ताडून पाहा, सलग काही दिवस आकडेच का नाहीत याचं कारण शोधा. आवक थांबली होती की नोंद झाली नव्हती? एवढ्या एका कामात मापन, विश्वसनीयता, गहाळ माहिती, कार्यकारण असा अर्धा अभ्यासक्रम हाताखालून जातो.

फील्डचं काम मात्र जिथे करायचं तिथे मन लावूनच करायला हवं. १९७९ साली आणंदला स्थापन झालेल्या इर्मा संस्थेत विद्यार्थ्यांना गावात मुक्काम करावा लागतो आणि तो अभ्यासक्रमाचा भाग मानला जातो. लोक प्रश्नाला कसं उत्तर देतात, कुणासमोर देत नाहीत, उत्पन्न विचारल्यावर कसे गप्प होतात, हे तिथे कळतं. आपल्याकडे प्रश्नावली इंग्रजीत तपासली जाते आणि दुकानाच्या काउंटरवर तिचं मराठी किंवा हिंदी विद्यार्थी उभ्या उभ्या करतो. प्रत्येक उत्तरदात्याला वेगळाच प्रश्न विचारला जातो. मराठी प्रश्नावली आधीच तयार करून दहा माणसांवर तिची चाचणी घेण्यात एक आठवडा जातो, आणि तो आठवडा वेळापत्रकात नसतो.

आता यात एआयची भर पडली आहे. वाङ्मय आढावा लिहून मिळतो, त्यात अस्तित्वात नसलेले संदर्भ येतात, आणि दोनशे उत्तरदात्यांची उत्तरंसुद्धा काही क्षणांत तयार होतात. यावर केवळ साहित्यचोरी तपासणारं सॉफ्टवेअर लावून भागणार नाही, कारण हा मजकूर कुणाचा चोरलेलाच नसतो. तोंडी परीक्षेत मला उपयोगी पडलेले प्रश्न साधे आहेत. नकार किती जणांनी दिला? कुठला प्रश्न लोकांना कळला नाही? कुठलं उत्तर ऐकून तुझा आधीचा समज डळमळला? ज्याने काम केलं आहे तो बोलत सुटतो.

असे प्रश्न विचारायला परीक्षकाला वेळ मात्र हवा. साठ-साठच्या तुकड्या, एकेका मार्गदर्शकाकडे डझनावारी प्रोजेक्ट आणि त्याच शिक्षकाला बढतीसाठी शोधनिबंध मोजून दाखवायचे, अशा स्थितीत त्याने कंपनीसाठी किंवा बाजार समितीसाठी एकही पाहणी स्वतः केलेली नसते. ज्याने स्वतः नकार पचवलेले नाहीत तो नमुना निवड पुस्तकातूनच शिकवणार. म्हणून सुधारणा मला शिक्षकापासून सुरू व्हायला हवी असं वाटतं. हा विषय शिकवणाऱ्याला दर दोन-तीन वर्षांनी एक प्रत्यक्ष पाहणी करायला मोकळा वेळ द्यावा आणि तिचा कच्चा डेटा, चुकांसकट, वर्गात उघडावा. प्रोजेक्टच्या शंभर गुणांपैकी निदान चाळीस फील्ड डायरीला द्यावेत. तारीख, ठिकाण, कोण भेटलं, कोणी टाळलं, प्रश्न का बदलला, एवढं तीत असावं. आणि सिनॉप्सिस मंजूर करताना शीर्षकाच्या वरच्या ओळीत तो निर्णय लिहून घ्यावा, ज्याच्यासाठी हा अभ्यास चालला आहे. तो लिहिता आला नाही, तर प्रश्नावली छापायची घाई करू नये.