प्रसूतीचे भय आणि नियोजित सिझेरियनची मागणी : मराठी भाषाव्यवहाराची एक चिकित्सा

प्रस्तावना

प्रसूतीच्या भीतीपोटी नियोजित सिझेरियनची मागणी करणाऱ्या स्त्रीविषयी आपल्याकडे दोन शेरे हमखास ऐकू येतात. ‘आजकालच्या मुलींना कळा सोसवत नाहीत’ हा पहिला आणि ‘मुहूर्त साधायचा असेल’ हा दुसरा. पहिल्यात भीतीची गणना नाजूकपणात होते, दुसऱ्यात तिचा उल्लेखही नसतो. भीती हे स्वतंत्र व गंभीर कारण असू शकते, हे आपल्या चर्चेत का मानले जात नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भाषेतील भय

मराठी भाषेला हे भय अपरिचित नाही. प्रसूती अवघड झाली की ‘बाई अडली’ म्हणतात. पार पडली की ‘मोकळी झाली’, ‘सुटका झाली’ म्हणतात. ही सारी संकटाची क्रियापदे आहेत. ‘बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म’ या उक्तीत तर मृत्यूची शक्यता गृहीतच आहे. परंतु ही भाषा प्रामुख्याने पाहणाऱ्याची आणि बऱ्याच अंशी संकट टळल्यानंतरची आहे. गर्भवतीच्या इच्छेला मराठीने ‘डोहाळे’ हा शब्द, त्याची गाणी आणि डोहाळजेवणाचा विधी दिला. तिच्या भयाला मात्र तशी प्रतिष्ठा लाभली नाही.

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या स्मरणातही हीच उणीव जाणवते. चौदाव्या वर्षी त्यांना झालेले मूल दहा दिवसांत दगावले. पुढे १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रबंधासाठी हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला. आपण त्यांचा गौरव पहिल्या स्त्री-डॉक्टर म्हणून करतो; परंतु त्या बाळंतपणाकडे कर्तृत्वाची पूर्वपीठिका म्हणूनच पाहतो, चौदा वर्षांच्या मुलीचा अनुभव म्हणून क्वचितच.

वैद्यकशास्त्राने या भयाला नाव दिले आहे. हॉफबर्ग आणि ब्रॉकिंग्टन यांनी २००० मध्ये २६ स्त्रियांच्या अभ्यासातून ‘टोकोफोबिया’ची मांडणी केली. हे भय पहिल्या गर्भारपणाआधीच असू शकते, पूर्वीच्या क्लेशदायक प्रसूतीतून उद्भवू शकते किंवा नैराश्याचे लक्षण असू शकते. तिन्ही बाबतींत ‘धीर धर’ हा एकच उपदेश अपुरा ठरतो.

आकडेवारी आणि आरोप

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मधील २०.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये २५.४ टक्क्यांवर गेले. देशपातळीवर याच दुसऱ्या फेरीत ते शासकीय संस्थांत १४.३ टक्के, तर खाजगी संस्थांत ४७.४ टक्के आढळले. या वाढीचा दोष अनेकदा स्त्रियांच्या मागणीला दिला जातो. परंतु हे आकडे शस्त्रक्रियांचे आहेत. मागणी कोणी केली हे ते सांगत नाहीत. सिझेरियन हवे असणाऱ्या व खर्च झेपणाऱ्या स्त्रिया खाजगी रुग्णालयाकडे वळतात, हे शक्य आहे. तरीही या तफावतीत स्त्रीच्या भीतीचा वाटा किती आणि संस्थेची सोय वा आर्थिक हित यांचा किती, हे या आकड्यांवरून ठरविता येत नाही. म्हणून त्यांच्या आधारे स्त्रीला दोषी ठरविणे तर्कदुष्ट आहे.

आंबागडच्या संदर्भात

तुमसर तालुक्यातील आंबागड हे किल्ल्यामुळे ओळखले जाणारे गाव. अशा गावातील स्त्रीचा विचार केला की ‘निवड’ या शब्दाचा अर्थ बदलतो. शासकीय व्यवस्थेत सिझेरियनसाठी सामान्यतः वैद्यकीय कारण लागते. खाजगी रुग्णालयासाठी पैसा लागतो. त्यामुळे शहरातील सधन स्त्रीचे भय ‘मागणी’ म्हणून नोंदले तरी जाते, आंबागडच्या स्त्रीचे भय नोंदलेच जात नाही. शिवाय भय केवळ वेदनेचे नसते, ते स्थळाचेही असते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षातील आगीत दहा बालके दगावली. ती घटना ठाऊक असलेल्या गर्भवतीच्या धास्तीला निव्वळ मनाचे खेळ म्हणता येणार नाही.

अर्थात, भीती खरी आहे म्हणून शस्त्रक्रिया हेच उत्तर ठरत नाही. सिझेरियननंतर सावरण्यास अधिक काळ लागतो आणि पुढील गर्भारपणात वार गर्भाशयाला घट्ट चिकटण्याचा धोका वाढतो. इंग्लंडमधील ‘नाइस’ संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेने येथे विवेकाचा क्रम सांगितला : आधी भीतीचे कारण ऐकावे, मानसिक आधार द्यावा, त्यानंतरही योनीमार्गे प्रसूती स्त्रीला अमान्य असेल तर नियोजित सिझेरियन उपलब्ध करून द्यावे. भारत सरकारने २०१६ मध्ये शासकीय प्रसूतिगृहांत सोबतीला स्त्री-नातलग ठेवण्यास मान्यता दिली, ही याच दिशेची साधी पण मोलाची तरतूद होय. ती प्रत्यक्षात उतरली तर काही मागण्या शस्त्रक्रियेविनाही शमू शकतील.

समारोप

सारांश, ‘मला सिझेरियन हवे’ हे वाक्य अनेकदा ‘मला भीती वाटते’ या न उच्चारलेल्या वाक्याचा अनुवाद असते. पहिल्या वाक्याला होकार वा नकार देण्यापूर्वी दुसरे ऐकले जाणे आवश्यक आहे. सोसण्यालाच मातृत्वाची कसोटी मानणारी भाषा ते ऐकू देत नाही. या भाषेची चिकित्सा ही केवळ वैद्यकाची नव्हे, तर भाषा व साहित्याच्या अभ्यासकांचीही जबाबदारी आहे.