उमेदवारीची वही

गेल्या उन्हाळ्यात आमच्या परिचयातील एका कुटुंबातील कन्या, कायद्याची विद्यार्थिनी, एक वही घेऊन आमच्याकडे आली. एल.जी.बी.टी. व्यक्तींच्या मानवी हक्कांविषयी संशोधन करणाऱ्या एका संस्थेत ती दोन महिन्यांची इंटर्नशिप, आपल्या जुन्या शब्दात उमेदवारी, करीत होती. साक्षी मराठीत घेतलेल्या, अहवाल मात्र इंग्रजीत जायचा. भाषांतर तपासून द्यावे, एवढीच विनंती. साक्षीदारांची नावे तिने आधीच काढून टाकली होती. जाता जाता म्हणाली, "काका, वही तुमच्याकडेच राहू द्या. घरी उघडी ठेवता येत नाही."

हा विषय आपल्या पत्रिकेचा नव्हे, असे काही वाचकांस वाटेल. परंतु वही वाचताना आमच्या ध्यानात आले, की मानवी हक्कांचा अहवाल हाही एक लेखनप्रकार आहे. त्याला निवेदक आहे, पात्रे आहेत, शैली आहे. तेव्हा त्याची समीक्षाही व्हावयास हवी.

आपल्या देशात या लोकांविषयीची पहिली पद्धतशीर नोंद त्यांच्या हितासाठी झालेली नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाने हिजड्यांची नावे व राहण्याची ठिकाणे सरकारी नोंदवहीत घेण्याचे ठरविले. हैदराबाद संस्थानानेही 1329 फसली साली, म्हणजे 1919 च्या सुमारास, तसाच कायदा केला. स्त्रीवेषात रस्त्यावर दिसणे एवढ्यावरूनही वॉरंटाशिवाय अटक करता येई. निजामी राजवट गेली, हा कायदा मात्र राहिला. तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला तो जुलै 2023 मध्ये. फसली सालाचे कागद ज्यांच्या घरी रुमालात बांधून ठेवलेले आहेत, त्या आपल्या कुटुंबांस ही गोष्ट परकी वाटू नये. नोंदवहीचे भय या माणसांच्या मनात कोठून आले, हे त्यावरून कळते.

या नोंदवहीला उत्तर म्हणून दुसऱ्या प्रकारचे लेखन पुढे आले. दिल्लीच्या एड्स भेदभावविरोधी आंदोलनाने 1991 मध्ये समलिंगी नागरिकांच्या स्थितीवर अहवाल काढला. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या कर्नाटक शाखेने 2001 व 2003 मध्ये बंगळूरमधील छळाची नोंद केली. ह्यूमन राइट्स वॉचने 2008 मध्ये कलम 377 सारख्या कायद्यांचे मूळ वसाहतींच्या राज्यकारभारात असल्याचे दाखविले. अशा कागदांचे मोल किती, हे 11 डिसेंबर 2013 रोजी उमगले. त्या दिवशी कलम 377 कायम ठेवताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की सरकारी यंत्रणेकडून होणाऱ्या भेदभावाच्या घटनांचा तपशील पुढे आलेला नाही. तो निकाल 6 सप्टेंबर 2018 रोजी घटनापीठाने रद्द केला, हे खरे. तथापि तपशील नाही म्हणून न्याय नाही, ही पाच वर्षे ज्यांनी सोसली त्यांना उमेदवाराच्या वहीची किंमत सांगावी लागत नाही.

म्हणूनच त्या वहीतील दोष सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. पहिला दोष कर्त्याचा. एका साक्षीत मूळ वाक्य होते, "हवालदारानं काठी मारली अन् मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं." मुलीच्या इंग्रजी मसुद्यात त्याचे झाले ते असे: साक्षीदारास मारहाण करण्यात आली व त्याची मालमत्ता हिरावली गेली. हवालदार गेला, काठी गेली, घड्याळही गेले. "करण्यात आली" हा आपल्या कचेऱ्यांचा आणि वृत्तपत्रांचा लाडका प्रयोग. त्याने लेखन भारदस्त होते आणि अपराधी मोकळा सुटतो. न्यायालयाने मागितलेला तपशील तो नेमका हाच होता.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. एका साक्षीचा आरंभ "मी शाळेत गेलो, नापास झालो" असा होता. पुढे गुरूच्या घरी पोहोचल्यावर वाक्ये बदलली: "मी तिथं राहिले, स्वयंपाक शिकले." हा बदल कोणी विचारून घेतलेला नव्हता. अशा क्रियापदांत मराठी भूतकाळ बोलणाऱ्याचे लिंग लपवू देत नाही, म्हणून तो आपोआप उमटला. इंग्रजीत दोन्ही एकच झाले. शिवाय मुलीने निवेदनात आरंभापासून अखेरपर्यंत पुल्लिंगी सर्वनाम घातले होते. व्यक्तीने आपले लिंग स्वतः सांगावे, हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या निकालात मान्य केला. तो हक्क या साक्षीत एका क्रियापदात बजावलेला होता, आणि भाषांतराने तोच पुसला.

तिसरा दोष त्या मुलीचा नव्हे, प्रकाराचाच आहे. अहवालास केवळ जखमा हव्या असतात. साक्षीदार स्वयंपाक शिकली, कोणती भाजी तिला साधली, हे उल्लंघनाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही, म्हणून गळते. येथे साहित्याची आठवण होते. तेंडुलकरांच्या 1981 साली रंगभूमीवर आलेल्या 'मित्राची गोष्ट'मध्ये सुमित्रा संपूर्ण माणूस म्हणून उभी राहते. पण तिची गोष्ट सांगतो बापू, आणि तिच्या वाट्यास येतो तो मृत्यू. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' या 2006 च्या कादंबरीत भाऊ आणि बहीण, दोघेही 'मी' म्हणून बोलतात. त्या पंचवीस वर्षांत मराठीने गाठलेला हा पल्ला लहान नाही. अहवालाने नाटक-कादंबरी व्हावे असे आम्ही म्हणत नाही. साक्षीदाराचा 'मी' मात्र त्याने साहित्याकडून घ्यावा.

आम्ही वहीत तीन गोष्टी सुचविल्या. कर्ता परत आणावा. जेथे लिंग बदलते तेथे मूळ मराठी वाक्य देवनागरीत ठेवून खाली टीप द्यावी. गाव, गुरू, घराणे अशा ज्या खुणांवरून माणूस ओळखू येईल, त्या मात्र निर्दयपणे गाळाव्यात. कारण नोंदवहीचे भय अजून खरे आहे. मुलीने पहिल्या दोन सूचना लगेच मान्य केल्या. तिसरीविषयी म्हणाली, "ते मी त्यांनाच विचारीन. काय ठेवायचं ते त्यांनी ठरवावं." त्या क्षणी आमच्या सूचनेतील उणीव आम्हांस कळली. काय गाळावे हेदेखील आम्ही साक्षीदाराच्या वतीने ठरवून मोकळे झालो होतो.

उमेदवारी संपली, अहवाल गेला. वही अद्याप आमच्या कपाटात आहे. ती आपल्या घरच्या कपाटात ठेवता येईल असा दिवस त्या मुलीस लवकर लाभो.