चिमूरचे भजन आणि शिराझचा शोक : परकीय सत्तेविरुद्धच्या प्रतिकाराचे वाङ्मयीन रूप

प्रस्तावना :
ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटन व सोव्हिएत रशिया यांच्या फौजांनी इराण व्यापला. ब्रिटिशांच्या बाजूने तेथे उतरलेल्या सैन्यात भारतीय तुकड्याही होत्या. अवघ्या वर्षभरात, १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी चिमूर पेटले. एकाच साम्राज्याचे आपण एकीकडे सैनिक व दुसरीकडे बंडखोर होतो. हा विरोधाभास लक्षात घेऊन प्रस्तुत लेखात दोन वाङ्मयीन आविष्कारांचा विचार केला आहे.

विवेचन :
राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाने चिमूर परिसरातील जनमानस चेतविले, असे मानले जाते. त्या हिंदी भजनात झाडे, दगड व भक्तगण यांचेच युद्धसामग्रीत रूपांतर होते. नि:शस्त्र समाजाला शस्त्राचा आत्मविश्वास देणारी ही प्रतिमासृष्टी आहे. महाराजांना पुढे नागपूर व रायपूर येथे कारावास भोगावा लागला. मात्र रूपक कोठे संपते आणि प्रत्यक्ष हिंसा कोठे सुरू होते, हे भजन सांगत नाही. चिमुरात गोळीबारात आंदोलक पडले, तसेच जमावाच्या हातून अधिकारी व पोलीसही मारले गेले.

सिमीन दानेश्वर यांची ‘सावुशून’ (१९६९) ही फारसी कादंबरी व्यापलेल्या शिराझमध्ये घडते. शस्त्र घेणारे टोळीवाले तिच्यात आहेत. परंतु तिचा नायक यूसुफ परकीय फौजेला धान्य विकण्यास नकार देतो व मारला जातो. कथा मात्र त्याची पत्नी झरी हिच्या नजरेतून उलगडते. भीतीपासून निर्धारापर्यंतचा तिचा प्रवास हाच कादंबरीचा गाभा होय. सियावशच्या पुरातन शोकविधीची स्मृती जागविणारी यूसुफची अंत्ययात्रा अखेरीस निषेधाचे रूप घेते.

भजन घटनेपूर्वीचे आवाहन आहे, तर कादंबरी घटनेनंतरचे चिंतन. त्यामुळे चिमूरच्या स्त्रियांनी लष्कर-पोलिसांकडून जे सोसले, ते भजनात येणे शक्यच नव्हते. त्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. तरीही आपल्या गौरवपर स्मरणात हुतात्मे अग्रभागी राहतात आणि त्या स्त्रिया पार्श्वभूमीवर.

निष्कर्ष :
प्रतिकाराचे साहित्य केवळ स्फूर्तीच्या निकषावर तपासणे अपुरे आहे. त्याची किंमत कोणी मोजली, हेही समीक्षेने विचारले पाहिजे. बुटीबोरीसारख्या ठिकाणच्या वर्गात चिमूर शिकविताना भजनासोबत झरीचा प्रश्नही ठेवला, तर हा इतिहास विद्यार्थ्यांना अधिक खरा भासेल.