राणीचा ताबा कोणाकडे?

पुसदला मावशीकडे, पाण्याच्या तांब्याला मोबाईल टेकवून आम्ही ‘उंबरठा’ पाहिला. जब्बार पटेलांचा, १९८२ चा. सुलभा घराबाहेर पडते तिथे मी स्मिता पाटीलच्या चेहऱ्यात गुंतले होते. मावशी म्हणाली, “अन् पोरीसाठी तिनं अर्ज काहून नाही केला वं?”

मावशी सासर सोडून आली तेव्हा तिचा मुलगा सहा वर्षांचा होता. तो तिकडेच राहिला.

मी चिडले. सिनेमा काय कोर्टाचा आहे? पण सुलभाचा नवरा सुभाष वकील आहे, आणि पटकथा त्या घरात कायद्याचा हा प्रश्न शिरूच देत नाही. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे. नैसर्गिक पालक मात्र बाप, आणि ‘त्याच्यानंतर’ आई. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’चा अर्थ सैल केला. २०१५ मध्ये विधी आयोगाने दोघांना समान पालक करा म्हटलं. कलमातला शब्द तसाच आहे.

राणी काकूला रुळते, हे सिनेमा आईचं दुःख म्हणून दाखवतो. तिथेच तो कमी पडतो. मुलाचं हित पाहताना कोर्टात हेच रुळणं आईविरुद्ध जाऊ शकतं. नोकरीची ही किंमत सुलभाला कुणी सांगतच नाही.

मावशीला मात्र काकूच आवडली. तिच्या पोराला अशी काकू नव्हती.