'पाद्री' शब्दाची व्युत्पत्ति

भांडुपच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं 'पाद्री' हा शब्द संस्कृत 'पाद' यापासून साधून आमच्याकडे अभिप्रायार्थ पाठविला आहे. 'पूज्यपाद', 'आचार्यपाद' यांतील आदरार्थी 'पाद' त्यांस आधार वाटतो. व्युत्पत्ति मोहक खरी. परंतु तींत 'री'ची उपपत्ति लागत नाहीं.

मूळ शब्द पोर्तुगीज 'पाद्रे', म्हणजे पिता. 'चावे'ची मराठींत 'चावी' झाली, त्याच रीतीनें येथेंही अंत्य 'ए'चा 'ई' झाला. लॅटिन 'पातेर' हा आपल्या 'पितृ'चा सगोत्र; संस्कृताशीं नातें तें इतकेंच, व तें भावंडाचें, जन्यजनकाचें नव्हे. फ्रान्सिस्कनादि भिक्षूंस पोर्तुगीज 'फ्रादे' म्हणत. तो 'भ्रातृ'चा सगोत्र. मराठींत पिता व बंधु दोघेही 'पाद्री'च झाले. सबब नुसत्या 'पाद्री' शब्दावरून पंथ ठरवूं नये.

स्नेह्यांनीं शेजारच्या ठाण्याचा दाखला दिला आहे. तोलेंतिनोचा टॉमस व त्याचे सोबती तेथें सन १३२१ मध्यें मारले गेले, हें खरें. पण त्यांच्या संघाचें नांवच 'लहान बंधु' असें होतें. माणसें आलीं म्हणून शब्दही आला, असें होत नाहीं. शब्द आला तो पोर्तुगीजांबरोबर. ते हिंदुस्थानांत १४९८ मध्यें उतरले. वसई त्यांस १५३४ मध्यें मिळाली.

यास्तव १४९८ पूर्वींची मिति असलेल्या कागदांत 'पाद्री' आढळल्यास तो कागद बनावट किंवा मागाहूनची नक्कल समजावा. 'पाद' मानला, तर संग्राहकाच्या हातची ही कसोटीच जाते.