वाळूखालची नक्षी

ओहोटीच्या वेळी कोकणातल्या सपाट वाळूवर जे चपटे, चकचकीत, बटणाएवढे शंख सापडतात, त्यांतले कितीतरी उम्बोनियम वेस्टियारियम या सागरी गोगलगायीचे असतात. लिनियसने १७५८ मध्ये या जातीची नोंद केली. रुंदी जेमतेम सेंटिमीटरभर. मोठ्या शंखांच्या शोधात निघालेली माणसं यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांचं नुकसान!

दहाबारा शंख तळहातावर घेऊन भिंगातून बघावेत. एकाची नक्षी दुसऱ्याला नाही. कुणी गुलाबी, कुणी राखाडी, कुणी सायीच्या रंगावर तपकिरी ठिपक्यांचा. ही नक्षी वाचायची तर एक गोष्ट ध्यानात हवी: शंख वाढतो तो फक्त तोंडाच्या कडेला. आतल्या जिवाचं प्रावरण तिथे चुन्याचा नवा थर चढवतं आणि त्याच वेळी रंगही भरतं. म्हणजे वेटोळ्याबरोबर मागे मागे जावं तसं या जिवाचं बालपण जवळ येतं. वेटोळ्याला धरून सलग पट्टा गेला असेल, तर कडेवर त्या जागी रंग अखंड पाझरत होता. वेटोळ्याला छेदणारी रेघ असेल, तर सगळी कड एकदमच रंगली. आणि नागमोडी रेघ? रंगाची जागाच कडेवर इकडून तिकडे सरकत राहिली. हान्स माइनहार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी शंखांवरच्या अशा नक्ष्या गणिती सूत्रांवरून संगणकावर उमटवून दाखवल्या आहेत.

आता शंख उलटा करा. बेंबीचा खळगा असायला हवा, तिथे गुळगुळीत, जाडसर लेप. नक्षीचं नाव नाही. मला ही बाजू जास्त आवडते. वरची हौस इथे एकदम थांबते.

एवढी सजावट बघणारं मात्र कुणी नाही, कारण ही बया जन्म काढते वाळूत पुरून घेऊन. तिच्या गोतावळ्यातल्या बहुतेक गोगलगायी खडकावरचं शेवाळ खरवडून खातात. ही पाणी आत ओढून कल्ल्यांनी त्यातले अन्नकण गाळते. बसका घाट आणि गुळगुळीत पाठ वाळूत शिरायला सोयीची, हे पटतं. ठिपके कशाला, ते नाही पटत.

वेचताना भोक पडलेले शंख टाकून देऊ नयेत. कडा तासल्यासारखं, बाहेरून रुंद आणि आत निमुळतं होत गेलेलं गोल भोक दिसलं, तर ते नॅटिका कुळातल्या शिकारी गोगलगायीचं काम. त्या भोकातूनच तिने आतला जीव खाल्लेला असतो.