शक्तीची मर्यादा : शाकंभरी आणि तुकाराम

बेंगळुरूतील बनशंकरी भागाला जिचे नाव आहे, ती देवी मूळची बदामीजवळची. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी. शाकंभरी हे तिचेच नाव. ‘देवीमाहात्म्या’च्या ११व्या अध्यायात १०० वर्षांच्या अवर्षणात स्वदेहातून उपजलेल्या शाकांवर लोक जगविण्याचे ती वचन देते, पण पाऊस पडेपर्यंतच. शक्ती येथे अन्नरूप आहे आणि तिला मुदतही आहे.

१६३०च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकारामांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. आत्मपर अभंगात ते द्रव्य, मान आणि माणूस यांची हानी एका दमात सांगतात. अन्न देणारी देवी तेथे अवतरत नाही. या ओळींना वैराग्याची पायरी मानून पुढे सरकण्याची आपल्या समीक्षेची सवय मला अन्यायकारक वाटते. (पायरी चढून गेल्यावर विसरता येते, ही तिची सोय.) तुकाराम दुःखाबरोबर लाजेचाही उच्चार करतात, धंदा बुडाल्याचेही सांगतात; विरक्ताला लाज कशाची? आणि लगेच त्यांच्या मनात येते ते भंगलेले देऊळ नीट करण्याचे. पुराणात देवी माणसाला पोसते. येथे सर्वस्व गमावलेला माणूस देवाच्या निवाऱ्याची चिंता वाहतो.